जुनी टूरिंग मोटारसायकल: लांबच्या रस्त्यासाठी तयार करणं, जपणं आणि चालवणं

वीस-तीस वर्षं जुनी टूरिंग गाडी घेताना बहुतेक जण आधी ओडोमीटर बघतात. तो आकडा कामाचा आहे, पण पहिला नाही. होंडा गोल्ड विंग, बीएमडब्ल्यूच्या आर आणि के मालिकेतल्या आरटी, होंडा एसटी११००, कावासाकी जीटीआर१००० या गाड्यांची इंजिनं नीट सांभाळली तर लाखाच्या पुढे सहज जातात. त्यांचं नुकसान होतं ते उभं राहून. रबर वाळतं, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून मागे चिकट थर राहतो, वायरच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. यातलं काहीही ओडोमीटरवर दिसत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या देखभालीचं वेळापत्रक आधी वर्षांवर बांधायचं आणि नंतर किलोमीटरवर.

कामाचा क्रमही ठरलेला असावा: आधी गाडी थांबली पाहिजे, मग तिने रस्ता धरला पाहिजे, मग वीज भरवशाची हवी आणि शेवटी इंजिन गोड चालायला हवं. लोक नेमके उलट करतात. कार्ब्युरेटर जुळवण्यात मजा असते, म्हणून त्यात आठवडे जातात आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे ब्रेक होज तसेच राहतात.

हात लावण्याआधी

आपल्याच मॉडेलचं आणि आपल्याच वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं), टॉर्क (बोल्ट आवळण्याचं बळ) आणि तेलाचं माप बदललेलं असतं. या लेखातले आकडे सर्वसाधारण आहेत. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

जपानी गाड्यांवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसाचे नसतात, ते जेआयएस मापाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की बाहेर उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक लिव्हरजवळचा तेलाचा पंप आणि त्याची टाकी) झाकणाचे आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू खराब झालेले दिसतात ते बहुधा यामुळेच. जेआयएसचे दोन-तीन पेचकस ही या छंदातली सगळ्यात फायद्याची खरेदी. जाम स्क्रूला आधी पेनिट्रेटिंग ऑइल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पेचकस खाचेत धरून वर हातोडीचा एक नेमका ठोका द्या आणि मग फिरवा.

इंजिन ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचे, त्यामुळे आटे जाण्याची भीती कायम असते. ६ मिमी बोल्टला साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर, ८ मिमी बोल्टला १८ ते २५ एवढंच बळ लागतं. अंदाजाने आवळणारा हात ६ मिमी बोल्टवर हमखास जास्त जोर लावतो. टॉर्क रेंच वापरा, आणि तो लहान मापाचाही ठेवा. मोठा रेंच दहा न्यूटन मीटरला विश्वासाचा नसतो.

ब्रेक

मास्टर सिलिंडरचं झाकण उघडून तेलाचा रंग बघा. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) फिकट पिवळसर असतं. गडद तपकिरी झालं असेल तर ते बदलण्याची वेळ कधीच उलटून गेली आहे. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. भरलेली, दोन माणसांची, तीनशे-साडेतीनशे किलोची गाडी लांब उतारावर सतत ब्रेक लावत आणली की चाकाजवळ डिस्क दाबणाऱ्या कॅलिपरमधलं तेल तेवढं तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून दांडीला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला, गाडी चालली असो वा नसो. डॉट ५.१ हे डॉट ४ मध्ये मिसळलं तरी चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते कधीही मिसळू नका.

जुन्या गाडीत ब्रेक धरून राहणं ही नेहमीची तक्रार. त्याची तीन कारणं असू शकतात आणि भाग उगाच बदलण्याआधी ती वेगळी करता येतात. चाक जमिनीवरून उचला, ब्रेक दाबा, सोडा आणि चाक फिरवून बघा. अडकत असेल तर मास्टर सिलिंडरजवळचा बॅन्जो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) चिंधी गुंडाळून किंचित सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष मास्टर सिलिंडरचा. नाही झालं तर कॅलिपरवरचा ब्लीड निपल (हवा आणि तेल बाहेर काढायचं लहान तोंड) उघडा. आता मोकळं झालं तर होज आतून फुगला आहे: तो दाबाचं तेल खाली जाऊ देतो, पण परत वर येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक अडकत असेल तर पिस्टन जाम आहेत.

मास्टर सिलिंडरचा दोष बहुतेक वेळा एका भोकात असतो. टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक मोठं आणि दुसरं केसाएवढं बारीक. ब्रेक सोडल्यावर, तेल तापून फुगल्यावर, जादा तेल या बारीक भोकातून परत येतं. ते साक्याने बुजलं की काही किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप लागत जातो, कधी चाक पूर्ण जाम होतं. झाकण उघडं ठेवून लिव्हर अगदी हळू हलवला की त्या भोकातून तेलाची बारीक उसळी दिसायला हवी. दिसली नाही तर तांब्याच्या वायरची एक बारीक तार घालून ते मोकळं करा आणि आतली किट बदला. साका एकदा झाला म्हणजे आतल्या रबराचीही तीच गत असते.

होज बाहेरून चांगला दिसतो म्हणून ठेवू नका. अनेक उत्पादक रबरी होज चार वर्षांनी बदलायला सांगतात. स्टीलची जाळी असलेले होज घातले की लिव्हर घट्ट लागतो आणि हा विषय बराच काळ मिटतो. बॅन्जोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे.

कॅलिपर उघडायचा असेल तर होज काढण्याआधी ब्रेकच्याच दाबाने पिस्टन जितके बाहेर येतील तितके काढून घ्या. हवेच्या दाबाने काढायची वेळ आली तर मध्ये जाड कापड ठेवा आणि बोटं लांब, पिस्टन गोळीसारखा सुटतो. पिस्टनच्या क्रोमवर खड्डे असतील तर तो टाकून द्या. सील बसतो त्या खाचेतली पांढरी कडक पपुद्री खरवडून काढणं हे खरं काम. ती राहिली तर नवा सील पिस्टनवर जास्त दाबला जातो आणि ब्रेक पुन्हा अडकतो. नवे सील ब्रेक ऑइलमध्ये किंवा ब्रेकसाठीच्या लाल रबर ग्रीसमध्ये भिजवून बसवा. साधं ग्रीस लागलं तर हे रबर फुगतं.

तेल भरून हवा काढताना:

१. हँडल असं वळवा की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच राहील.
२. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोड्या तेलात बुडवा.
३. लिव्हर दाबा, निपल पाव आटा उघडा, लिव्हर तळाला जाण्याआधी निपल बंद करा, मग लिव्हर सोडा.
४. टाकीतली पातळी कधीही तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.
५. शेवटी लिव्हर दाबलेल्या अवस्थेत बांधून रात्रभर ठेवा. वरच्या बॅन्जोत अडकलेले बारीक बुडबुडे त्याने वर येतात.

सांडलेलं ब्रेक ऑइल रंग उतरवतं, लगेच भरपूर पाण्याने धुवा. ऐंशीच्या दशकातल्या अनेक गोल्ड विंगमध्ये पायाचा ब्रेक मागच्या चाकाबरोबर पुढची एक डिस्कही दाबतो आणि हाताचा ब्रेक फक्त उरलेल्या एका डिस्कवर असतो. तिथे हवा काढण्याचा क्रम मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मायक्रोमीटरने मोजा. पॅडचं मटेरियल २ मिमीवर आलं की बदला.

टायर, बेअरिंग, फोर्क

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, त्यावर गाडी ढकलण्यापलीकडे काही करू नका. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांनंतर रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. पुढे रेडियल आणि मागे बायस-प्लाय अशी भेसळ नको. स्पोकच्या चाकात टायरबरोबर ट्यूब आणि रिमपट्टीही नवी घाला.

दाब नेहमी गार टायरवर मोजा. भरलेल्या जड टूररला पुढे ३३ ते ३६ आणि मागे ३८ ते ४२ पीएसआय एवढा दाब लागणं सामान्य आहे, नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो. कमी दाबाचा टायर वळणावर गाडी जड करतो, आतून तापतो आणि मधल्या भागाऐवजी कडेने झिजतो.

पुढचं चाक उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटांनी फिरवा. सरळ रेषेत आल्यावर ते ‘खट्’कन बसल्यासारखं वाटलं तर हेड बेअरिंगच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या) वाट्यांत खड्डे पडले आहेत. आवळून हे जात नाही. बॉल काढून टेपर रोलर बेअरिंग घाला आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासून आवळा, कारण नव्या वाट्या थोड्या बसतात. फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) पाय खालून धरून पुढे-मागे ओढा: ठोका लागला तर सैल. मागचं चाक वर-खाली धरून आडवं हलवा: खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्म, कुठे हलतंय ते दुसऱ्या माणसाने बोट ठेवून ओळखावं.

फोर्क ऑइलकडे जवळपास कोणीच बघत नाही. ते राखाडी, दुर्गंधी येणारं पाणी झालेलं असतं. २० हजार किलोमीटर किंवा दोन-तीन वर्षांनी बदला. फक्त मिलिलिटरवर विसंबू नका: स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलाची पातळी मिलिमीटरमध्ये मोजा आणि दोन्ही पाय सारखे करा. ज्या फोर्कमध्ये हवा भरायची असते त्याला कंप्रेसर लावू नका. तिथे काही पीएसआयच हवे असतात आणि पायातली जागा इतकी लहान असते की क्षणात सील फुटतात. हातपंपच वापरा.

मागच्या शॉकअब्सॉर्बरचं डॅम्पिंग गेलं असेल तर सीट दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते. स्प्रिंग घट्ट करून हा दोष झाकला जात नाही, उलट वाढतो.

शाफ्ट ड्राइव्ह: दुर्लक्षामुळे मरणारा भाग

काही गाड्यांत चेनऐवजी फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, मागचं चाक फिरवतो. ‘शाफ्टला देखभाल लागत नाही’ हा समज अनेक गाड्यांना महागात पडला आहे. मागच्या गिअर बॉक्सचं तेल बदलणं सोपं आहे. साधारण १५० ते २५० मिलि ८०डब्ल्यू-९० जीएल-५ तेल लागतं, पंधरा-वीस हजार किलोमीटरला किंवा दोन वर्षांनी बदलायचं. निघालेल्या तेलातल्या चुंबकावरचा मऊ राखाडी लेप चालतो. चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर बेअरिंग किंवा दाते सुटू लागले आहेत.

मात्र हे तेल स्प्लाइनपर्यंत (एकमेकांत बसणाऱ्या लांबट दात्यांपर्यंत) पोहोचत नाही, तिथे फक्त ग्रीस असतं. मागचं चाक ज्या दात्यांवर बसतं ते ग्रीसशिवाय कोरडे घासत राहतात, टोकदार होतात आणि एक दिवस इंजिन फिरतं पण गाडी जागची हलत नाही. म्हणून टायर बदलायला चाक काढलं की दर वेळी स्प्लाइन स्वच्छ करून मोलिब्डेनम डायसल्फाइडचं जास्त प्रमाण असलेलं पेस्ट लावा. साधं ग्रीस फेकलं जातं. पातळ थर पुरे. जाड थोपलेलं पेस्ट होंडाच्या मागच्या ड्राइव्हमध्ये किंवा ब्रेकवर जाऊ शकतं. दाते बाणासारखे टोकदार दिसले तर हबचा भाग आणि गिअर बॉक्सचा भाग दोन्ही बदला. एकच नवा घातला तर जुना त्याला वर्षभरात खातो.

बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर (दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या) आणि के मालिकेत कोरडा क्लच असल्यामुळे गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टवरही असे स्प्लाइन असतात. गिअर घालताना रुततो, क्लच सोडताना अडखळतो, ही त्यांची हाक. त्यासाठी गिअर बॉक्स मागे सरकवावा लागतो. काम मोठं आहे, पण शाफ्ट बदलण्याच्या कामापुढे काहीच नाही.

चेन असलेल्या टूररचं थोडक्यात: मधोमध साधारण २५ ते ३५ मिमी सैलपणा, तोही माणूस बसलेला असताना संपत नाही ना ते बघायचं, दर पाच-सातशे किलोमीटरला तेल, आणि चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही.

वीज

बॅटरी रात्रभर उभी राहिल्यानंतर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू करून चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ हवेत. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) बॅटरी उकळतोय. १३ च्या खाली राहिलं तर पुढे शोधा.

कायम चुंबकाचा अल्टरनेटर असलेल्या जपानी गाडीत स्टेटरकडून (अल्टरनेटरच्या स्थिर गुंडाळीकडून) तीन, बहुधा पिवळ्या, वायर येतात. त्यांचा प्लग सोडा. मल्टिमीटर ओह्मवर ठेवून दोन-दोन वायरमधला रोध बघा: तिन्ही जोड्यांत सारखा आणि एक ओह्मच्या आसपास किंवा कमी. मग प्रत्येक वायर आणि इंजिन यांच्यात बघा: काहीही जोडणी दिसता कामा नये. शेवटी इंजिन चालू करून एसी व्होल्ट बघा. तिन्ही जोड्यांत सारखे आणि रेस वाढवली की वाढणारे हवेत. हे सगळं ठीक आणि तरी चार्जिंग नाही, तर रेग्युलेटर किंवा त्याचा प्लग. तो प्लग उघडून वास घ्या, तपकिरी पडलेला असतो. जळका प्लग कापून वायर सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवणं हा चांगला, कायमचा उपाय आहे.

जीएल१२०० (गोल्ड विंगचं एक मॉडेल) सारख्या गाडीत ही तपासणी विकत घेण्याआधीच करा. तिथे स्टेटर इंजिनच्या मागच्या बाजूला असतो आणि तो बदलायला इंजिन फ्रेममधून खाली उतरवावं लागतं.

जुन्या होंडांच्या स्टार्टर रिलेजवळ दोन स्क्रूंमध्ये धरलेली ३० अँपिअरची धातूची फ्यूजपट्टी असते. हादऱ्यांनी तिला चीर पडते. मग गाडी खड्ड्यात बंद पडते आणि पुढच्या खड्ड्यात चालू होते. तिथे ३० अँपिअरचा साधा ब्लेड फ्यूज होल्डर बसवा.

अर्थिंगची तपासणी सोपी असून टाळली जाते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यातला व्होल्ट बघा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर केबल किंवा तिचा जोड घासून साफ करा. हेडलाइटच्या बल्बवर मिळणारे व्होल्ट बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरकाने कमी असतील तर तो फरक जुन्या स्विचमध्ये उष्णता होऊन जातोय. रिले लावून बल्बला थेट बॅटरीकडून पुरवठा द्या. प्रकाश वाढतो आणि स्विच वाचतो.

जादा दिवे, गरम जॅकेट, फोन चार्जर लावण्याआधी बेरीज करा. बीएमडब्ल्यूच्या एअर-कूल्ड बॉक्सरचा अल्टरनेटर २८० वॉटचा, तोही वरच्या आरपीएमला. हेडलाइट ५५ ते ६०, मागचे आणि मीटरचे दिवे मिळून १५-२०, इग्निशन साधारण ४०. उरलेल्यात बॅटरीही भरायची आहे. ८० वॉटचं जॅकेट आणि ३५ वॉटच्या गरम मुठी शहराच्या वेगात हिशेब बिघडवतात. हँडलवर एक लहान व्होल्टमीटर लावा. १२.५ च्या खाली गेलं की काहीतरी बंद करायचं.

पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

टाकीत टॉर्चने बघा. लाल गंजाचा भुगा असेल तर कार्ब्युरेटर साफ करून उपयोग नाही, दोन दिवसांत तेच. टाकी, कॉकची (पेट्रोलच्या चावीची) जाळी, नळ्या, फिल्टर, मग कार्ब्युरेटर, असा प्रवाहाचाच क्रम धरा. गाडी अर्धा तास छान चालून मरते आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो? मग झाकणातला हवेचा मार्ग बंद आहे, बाकी काही नाही.

निर्वाताने उघडणाऱ्या कॉकचा पडदा फाटला, किंवा फ्लोटची (कार्ब्युरेटरच्या वाटीतली पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई गळू लागली, की उभ्या गाडीत पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, काडीला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालू करू नका. पेट्रोलने भरलेल्या सिलिंडरवर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून रिकामं फिरवा, गळती बंद करा, ऑइल आणि फिल्टर बदला.

चोक लावल्याशिवाय आयडलिंग टिकत नाही, पण वरच्या वेगाला गाडी ठीक, हे बुजलेल्या पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) लक्षण. साफ करताना जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरते. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहा. काढल्यावर त्याची स्प्रिंग, इवलासा वायसर आणि ओ-रिंग तिन्ही बाहेर आली ना बघा, ओ-रिंग हमखास आत राहते आणि क्लीनरने फुगते. व्हॅक्यूम पिस्टनचे रबरी पडदे उजेडासमोर ताणून धरा. सुईच्या टोकाएवढं भोकही त्या सिलिंडरचा पिकअप खातं. क्लीनर फवारण्याआधी पडदे बाहेर.

कार्ब आणि इंजिन यांच्यामधले रबरी जोड कडक होऊन चिरतात. इंजिन गार असताना चालू करून प्रत्येक जोडावर थोडं पाणी फवारा. आयडलिंग बदललं तर हवा तिथूनच शिरतेय. हे सगळं झाल्यावर आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) जुळवल्यावरच कार्ब सिंक करा, म्हणजे सगळ्या कार्बची ओढ सारखी करा. चार व्हॅक्यूम गेज लावून, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, समोर पंखा ठेवून. टॅपेटआधी सिंक करणं म्हणजे दोनदा काम.

इंजिन

ओला क्लच असलेल्या गाडीला जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलंच ऑइल घाला. इंधन वाचवणाऱ्या कार ऑइलमधल्या घटकांनी क्लच घसरतो. वर्षातून एकदा किंवा पाच-सहा हजार किलोमीटरला बदल पुरेसा आहे. बीएमडब्ल्यू एअर-कूल्ड बॉक्सरमध्ये फिल्टरच्या झाकणामागची ओ-रिंग आणि तिचा शिम नीट मापून बसवा. तिथे चूक झाली तर ऑइल फिल्टरला वळसा घालून आतल्या आत परत वाहतं, दाब पडतो, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

टॅपेट पूर्ण गार इंजिनवर मोजा. वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो, पण खरा धोका न वाजणाऱ्याचा. व्हॉल्व्ह आपल्या जागेत हळूहळू खोल बसत जातो, फट कमी होते, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. नंतरच्या एअर-कूल्ड बॉक्सरला इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. जीएल१२०० आणि जीएल१५०० मध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे हे काम नाही.

पण जीएल१००० ते जीएल१५०० पर्यंतच्या सगळ्या गोल्ड विंगना दोन टायमिंग बेल्ट आहेत, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आधीच्या मालकाकडे तारखेसह नोंद नसेल तर बेल्ट जुनेच समजा आणि पहिल्या लांब प्रवासाआधी बदला. टेन्शनरची बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर असेल तर तेही.

कूलंट दोन वर्षांनी, पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे, पाणी डिस्टिल्ड. पाण्याच्या पंपाखाली एक लहान भोक असतं. तिथून थेंब येणं म्हणजे आतला सील गेला, ते भोक बुजवू नका. ट्रॅफिकमध्ये पंखा लागत नसेल तर थर्मोस्विचची वायर काढून इंजिनला टेकवा. बहुतेक गाड्यांत पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज किंवा मोटर.

सामान आणि चालवणं

जड सामान खाली आणि पुढे, पॅनिअरमध्ये (बाजूच्या पेट्यांत) दोन्ही बाजूंना सारखं. टॉप बॉक्स मागच्या धुरेच्या मागे लटकतो. त्यात पाच-सात किलोच्या वर गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात गाडी मागून डुलू लागते. अशी डुलू लागली तर हँडल घट्ट धरू नका, ब्रेक दाबू नका. हळूच रेस कमी करा, पुढे वाकून बसा, ती शांत होते. मग थांबून टायरचा दाब, सामान, हेड बेअरिंग आणि स्विंगआर्म याच क्रमाने बघा. वेग उतरताना ६० ते ४० च्या दरम्यान हँडल थरथरणं हा वेगळा दोष आहे, त्याचं मूळ बहुधा पुढच्या टायरच्या उंच-सखल झिजेत किंवा सैल हेड बेअरिंगमध्ये असतं.

शाफ्टच्या जुन्या गाडीत रेस दिली की मागचा भाग उचलतो आणि सोडली की बसतो. वळणात घाबरून अचानक रेस सोडली तर गाडी खाली बसते आणि फूटरेस्ट किंवा स्टँड रस्त्याला घासतो. म्हणून वेग वळणाआधीच उतरवा आणि वळणभर थोडी स्थिर रेस ठेवा. गिअर खाली टाकताना क्लच सावकाश सोडा, जड शाफ्ट मागचं चाक क्षणभर अडवतो.

एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मोटारसायकलवर १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर आलं, त्यामुळे बहुतेक जुन्या टूररवर ते नाही. १०० किमी वेगाला एका सेकंदात २८ मीटर जातात, तेही ब्रेक लागायच्या आधी. पुढचा ब्रेक आधी हलका, वजन पुढे आल्यावर जोरात, असा दोन टप्प्यांत दाबायचा. रिकाम्या, कोरड्या जागी भरलेल्या गाडीवर याचा सराव करा. गोल्ड विंगसारखे लिंक (जोडलेले) ब्रेक असलेल्या गाडीत फक्त हाताच्या ब्रेकने पूर्ण ताकद मिळतच नाही, पाय वापरावाच लागतो.

संथ वेगात, यू-टर्नला, पुढचा ब्रेक अजिबात नको. क्लच अर्धवट, रेस थोडी स्थिर, मागचा ब्रेक हलका ओढलेला आणि नजर जिथे जायचंय तिथे. तीनशे किलोची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की ती हाताने पेलायचा प्रयत्न करू नका, सोडून द्या आणि बाजूला व्हा. डबल स्टँडवर घेताना गाडी उचलायची नसते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत याची खात्री करा, स्टँडच्या पट्टीवर सगळं वजन टाकून उभे राहा, हात फक्त दिशा देतात.

रस्त्यात बंद पडली तर

सोबत असावं: गाडीच्या मापाचे पाने, मल्टिमीटर, फ्यूज, थोडी वायर आणि क्रिम्प जोड, एक क्लच केबल, प्लग, टायर दुरुस्तीचा संच आणि छोटा पंप, टेप, केबल टाय.

स्टार्टर फिरतच नसेल तर आधी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, न्यूट्रल, मग मुख्य फ्यूज. फिरतो पण पकडत नसेल तर एक प्लग काढून बघा: कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, कार्बच्या वाटीचा स्क्रू उघडून खात्री करा. ओला असेल तर स्पार्क बघा, प्लगचा धातू इंजिनला टेकवून आणि प्लगच्या भोकापासून लांब धरून. एकच सिलिंडर मरत असेल तर प्लगची टोपी त्याच गाडीतल्या दुसऱ्या सिलिंडरच्या टोपीशी बदला. दोष टोपीबरोबर सरकला तर टोपी, तिथेच राहिला तर प्लग, कॉइल, कार्ब किंवा व्हॉल्व्ह. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर मात्र काहीही तपासत पुढे जायचं नाही: क्लच दाबा, इंजिन लगेच बंद करा, बाजूला घ्या आणि पातळी बघितल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. पातळी बरोबर असेल तर दिव्याच्या स्विचची वायर तपासा, आणि तीही ठीक असेल तर गाडी ट्रकवर चढवून न्या.